जानेवारीचं बी, जुलैचं बी

हिराजी गेल्याची बातमी मला निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली आणि पहिल्याच शब्दाला मी अडखळलो. ‘डॉ. हिराजी घरत सर यांचे आज दुपारी निधन झाले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. त्याच्या बायकोचे, शकूवहिनींचे, दोन फोन त्याआधी येऊन गेले होते, पण माझा फोन आत चार्जिंगला होता. माणूस गेल्याचं दुःख अजून आत पोचायचं होतं आणि माझी बोटं मात्र संदेश टाकणाऱ्या बाईंचा नंबर लावत होती. त्यांना म्हणालो, ते ‘डॉ.’ काढा, ते डॉक्टर नव्हते. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. असू द्या हो सर, आता काय त्याचं, म्हणाल्या. मी म्हणालो, आताच तर त्याचं... ज्या अक्षराला हिराजीनं आयुष्यभर नको म्हटलं, ते तो बोलू शकत नाही असं बघून आपण त्याला चिकटवायचं, हे काही बरं नाही. त्यांनी संदेश दुरुस्त करून पुन्हा टाकला. मग मी पंख्याखाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

गेला तो मात्र सुखानं गेला. बाहत्तर वर्षांचं वय, पनवेलजवळच्या करंजाड्याला स्वतःचं घर, दुपारी वहिनींच्या हातचं बोंबलाचं कालवण आणि भात, मग खिडकीजवळच्या खुर्चीत डुलकी. चहाला हाक मारली तेव्हा उठला नाही. अंत्ययात्रेला गावातले चुलतभाऊ आले होते, प्रत्येकाच्या गळ्यात बोटाएवढी जाड साखळी. या घराण्याची पूर्वी खाडीकाठी मिठागरं होती. जमिनी गेल्या, भूखंड आले, भाऊबंद बिल्डर झाले, आणि त्याच घराण्यातला हा एक पनवेलच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत राहिला. मी त्याच कॉलेजात गणित शिकवायचो. तो मला ‘मास्तर’ म्हणायचा, जसा काही स्वतः कलेक्टर होता. एका टेबलावर समोरासमोर बसून आम्ही सत्तावीस वर्षं डबे खाल्ले, आणि त्यातली निदान पंधरा वर्षं आमच्या बोलण्याचा विषय एकच होता... एका झाडाची फळं.

आधी त्या झाडाचं सांगतो, कारण पनवेलात ते होत नाही आणि कुणी पाहिलेलंही नसतं. हिमालयात उंचावर एक पाइन होतो, निळसर झाक असलेल्या लांब पानांचा. तिथले लोक त्याला कैल म्हणतात. त्याची फळं म्हणजे शंकू, वीतभर लांब, एकावर एक खवले बसवलेली. खवल्यांच्या आत बी असतं आणि प्रत्येक बीला एक पातळ पंख असतो, त्यावर ते वाऱ्याबरोबर उडतं. हिराजी आणि वहिनी लग्नानंतर हिमाचलात फिरायला गेले, तेव्हा हिराजीनं खिंडीच्या अलीकडच्या खोऱ्यातून एक शंकू उचलला आणि पलीकडच्या खोऱ्यातून दुसरा. अलीकडे पाऊस भरपूर, पलीकडे कोरडं, आभाळ निळंशार. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले तर एक आखूड आणि एक लांब. झाड एकच, मग फळं वेगळी का? वहिनी त्याच्या शेवटपर्यंत सांगायच्या, लोकांना लग्नानंतर सासू मिळते, मला सवत मिळाली आणि तीही लाकडाची.

त्या दोन शंकूंवरून काही सिद्ध होत नाही, हे हिराजीला कळत होतं. त्यासाठी शेकड्यांनी शंकू हवेत, वेगवेगळ्या झाडांचे, वर्षानुवर्षं गोळा केलेले. चाळिशीत त्यानं पीएचडीला नाव नोंदवलं आणि कामाला लागला. कैलाचे शंकू पिकतात शरद ऋतूत. दिवाळीच्या सुट्टीत हिराजी स्वतः अलीकडच्या खोऱ्यात जायचा, झाडांवर खुणा करायचा आणि दोन पिशव्या भरून आणायचा. पलीकडच्या खोऱ्यात जाणं त्याला सुट्टीत जमत नसे, कारण बर्फ पडलं की खिंड बंद. तिथे देवीराम नावाचा एक मेंढपाळ होता, हिराजीच्याच वयाचा. तो खुणा केलेल्या झाडांचे शंकू उतरवून पोत्यात भरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात खिंड उघडली की टपालानं पाठवायचा. ते पोतं जूनच्या शेवटी पनवेलला पोचायचं. देवीराम पत्त्यात ‘पनवेल’च्या पुढे दरवर्षी ‘समुद्र के पास’ असं लिहायचा. ते नसतं तरी पोतं आलं असतं, पण हिराजीला त्याचं भारी कौतुक होतं.

म्हणजे अलीकडचे शंकू आणि बिया मोजल्या जायच्या नाताळच्या सुट्टीत, जानेवारीपर्यंत. पलीकडच्या मोजल्या जायच्या जुलैत. हे वाक्य वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, ते आमच्यापेक्षा हुशार आहेत. आमच्या कपाळाला आठ वर्षं आठी पडली नाही. हिराजी बाहेरच्या खोलीत चटईवर बसून मोजायचा, शंकूची लांबी, मधली जाडी, बीचं वजन, पंखाची लांबी-रुंदी. मी समोर बसून आकडे टिपायचो. सरासरी काढणं, फरक योगायोगानं आलाय की खरा आहे ते तपासणं, हे माझं काम. आकडे तर काय सुरेख येत होते! पलीकडच्या, कोरड्या खोऱ्यातलं बी दरवर्षी जड भरायचं आणि तिथले शंकू बारीक असायचे. त्याला कारणही छान होतं. कोरड्या जागी रोपाला सुरुवातीला आधार लागतो, म्हणून झाड बीला शिदोरी जास्त देतं. मी सगळी गणितं तीन-तीनदा तपासली होती. गणितात चूक नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

प्रबंध टाइप होऊन आला. तिकडच्या वनखात्यातल्या एका अधिकाऱ्यानं हिराजीच्या एका परिषदेतल्या भाषणाची टिपणं वाचून पत्र पाठवलं होतं, की आमच्या रोपवाटिकेसाठी बी कुठल्या खोऱ्यातलं घ्यावं ते कळवा. त्या पत्राच्या हिराजीनं प्रती काढल्या आणि एक मलाही दिली. त्याच्या पुतण्याचा पाट्या बनवायचा धंदा होता. त्यानं पांढऱ्या ॲक्रिलिकवर ‘डॉ. हिराजी घरत’ अशी निळी पाटी करून आणली. अजून प्रबंध द्यायचाय रे, असं काका म्हणाला, तर पुतण्या म्हणाला, बारशाआधी पाळणा घेतातच की. पाटी कपाटात उभी करून ठेवली. दार उघडलं की ती दिसायची, आणि हिराजी दिवसातून किती वेळा ते दार उघडायचा, हे वहिनी हसत सांगायच्या.

त्या जुलैत हिराजीची आई गावाहून राहायला आली होती. तिला सगळे ‘बाय’ म्हणत. सारं आयुष्य मिठागरावर गेलेली, उन्हानं आणि मिठानं तळपायांना भेगा पडलेली, तोंडानं फटकळ. एका दुपारी आम्ही देवीरामच्या पोत्यातल्या बिया तोलत बसलो होतो. नुसती शेवटची खात्री म्हणून, प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. बाय दाराशी बसून बघत होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, ह्या बिया काय विकायच्या हायत का? हिराजी म्हणाला, नाही, वजन करतोय. तेव्हा ती म्हणाली,

“आरं, पावसाल्यान कोन तोलतं? आमी मीठ पन या दिवसांत तोलत नाय, मापानं देतो. हवा पानी पाजते त्याला.”

मी हसलो. हिराजी हसला नाही. चिमटा हातात तसाच धरून तो आईकडे बघत राहिला... मग उठला, माळ्यावर चढला आणि अलीकडच्या खोऱ्यातल्या बियांची, जानेवारीत तोललेली, कागदी पाकिटं खाली काढली. एकेक पाकीट पुन्हा तोलायला लागला. मी जुना आकडा वाचायचो, तो नवा सांगायचा. दहा-बारा पाकिटं झाल्यावर मी वाचायचा थांबलो. तेच बी, तेच पाकीट, आणि प्रत्येक वजन वाढलेलं. जुलैच्या हवेत दोन्ही खोऱ्यांतलं बी सारखंच भरत होतं. शंकूंचंही तेच. माळ्यावरचे अलीकडचे शंकू जानेवारीत खवले पसरून बसलेले आम्ही मोजले होते, ते आता मूठ आवळावी तसे मिटले होते, पलीकडच्यांइतकेच बारीक.

हिराजी एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलायचा. मन हललं की गावची बोली बाहेर यायची. तो म्हणाला, “मास्तर, हा दोन खोऱ्यांतला फरक नाय. हा जानेवारी आणि जुलैतला फरक हाय. आपण आठ वर्षं पनवेलची हवा मोजली.”

ही चूक कुल्लूतल्या किंवा पुण्यातल्या माणसानं केली असती की नाही, कोण जाणे. पण आमच्याकडे दमट हवा इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती दिसतच नाही. पावसाळ्यात पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही, कपाटाचं दार फुगतं, मिठाला पाणी सुटतं, आणि आम्ही त्याला हवा म्हणतो. पुरावा तर डोळ्यांसमोर लटकत होता. घरातले टाकाऊ शंकू वहिनी दरवर्षी गणपतीच्या मखराला लावायच्या, कैलास पर्वत म्हणून. भाद्रपदात ते मिटलेले असायचे, आणि मखर आवरायचा कंटाळा करून ते भिंतीवर तसंच राहिलं, की दिवाळीनंतर उमललेले दिसायचे. शंकू फुलले, असं आम्ही सगळे म्हणायचो. त्यात एक जीवशास्त्राचा शिक्षक होता, आणि तो मिठागरवाल्याचा मुलगा होता. आणि माझ्या वहीत प्रत्येक आकड्यासमोर तारखेचा रकाना होता. माझ्याच अक्षरातला.

मी त्या संध्याकाळी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, हिराजी, प्रबंध दे. तळाशी एक टीप टाकू, की मोजमापं वेगवेगळ्या ऋतूंत घेतली आहेत. बायशिवाय हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, आणि बाय काही परीक्षक नाही. हिराजीनं कपाटातून वनखात्याचं पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, “हा माणूस माझ्या शब्दावर खिंडीपलीकडून बी आणून अलीकडे हजारो रोपं करील. ती जगली नाहीत तर ती टीप कोण वाचणार?” आमचं आयुष्यात एकच भांडण झालं म्हणायचं तर ते हे, आणि तेही एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन पत्रं टाकली. पहिलं वनखात्याला, की माझ्याकडून चूक झाली आहे, माझ्या आकड्यांवर विसंबू नका. दुसरं मार्गदर्शकांना. ते चिडले. चिडण्यात त्यांचीही चूक नव्हती, त्यांनी त्याच्यासाठी आधीच दोनदा मुदत वाढवून आणली होती. सगळं पुन्हा मोजायला अडीच वर्षं लागली, आणि तोवर नोंदणीच संपली.

लोकांना वाटतं, ती अडीच वर्षं दुःखाची गेली असतील. खोटं कशाला सांगू, सुरुवातीचा महिनाभर तो फार खचला होता. डबा अर्धा परत न्यायचा. पण नंतरची वर्षं मी पाहिलेली त्याची सगळ्यात आनंदाची. त्यानं जुन्या पत्र्याच्या कपाटात दोन बल्ब लावून सुकवणी केली. प्रत्येक पाकीट त्यात ठेवायचं, रोज तोलायचं, आणि वजन उतरायचं थांबलं की मगच आकडा लिहायचा. मार्गशीर्ष असो की श्रावण, कपाटातली हवा एकच. गावचे चुलतभाऊ म्हणाले, हिराजीनं अंडी उबवायचा धंदा काढलाय. बाय मात्र खूश होती. तिनं आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, की मी लेकाच्या पुस्तकातली चूक काढली, आणि मी शाळेत एक दिवस गेलेली नाय. हिराजी शेजारी बसून मान डोलवायचा.

सगळं सुकवून, तोलून, मोजून झालं तेव्हा वजनातला फरक गेला. जाडीतला गेला. लांबीतला जो उरला, तो एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंतच इतका बदलायचा, की त्याच्यावर काही बोलण्यात अर्थ नव्हता. लग्नानंतर उचललेल्या त्या दोन शंकूंची गोष्ट तिथेच संपली. पण एक गोष्ट राहिली. पलीकडच्या खोऱ्यातल्या बीचा पंख रुंद होता. फार नव्हे, केसभर, पण दरवर्षी, झाडामागून झाड. सुकवा, भिजवा, पुन्हा सुकवा, फरक जात नव्हता. मी माझ्याकडच्या सगळ्या कसोट्या लावल्या, अगदी त्याला खोटं पाडायच्या इराद्यानं लावल्या. तो टिकला. त्या दिवशी हिराजी कॉलेजात पेढे घेऊन आला. कुणीतरी विचारलं, काय, पीएचडी झाली का? तो म्हणाला, नाही, पंख रुंद निघाला. स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

त्याचं एक छोटं टिपण पुढे वनस्पतिशास्त्राच्या एका अंकात छापून आलं, दोन पानांचं. त्यात पहिलं पान भरून आधीची चूक सांगितली होती. संपादकांनी ते कमी करायला सुचवलं, हिराजीनं दुसरं पान कमी केलं. पाटी त्यानं उलटी केली, तिच्या कोऱ्या पांढऱ्या बाजूवर काळ्या बिया छान दिसतात म्हणून त्यावरच निवडायला लागला. पुतण्या थोडे दिवस रुसला. बाहेर लोक त्याला डॉक्टर म्हणायचेच, पनवेलात जाड चष्मा आणि पांढरे केस असले की तेवढं पुरतं. तो प्रत्येक वेळी थांबून सांगायचा, मी डॉक्टर नाही. समोरच्यानं ‘का?’ असं विचारलं, की त्याला जानेवारी आणि जुलैची सगळी गोष्ट ऐकवायचा. अकरावीच्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या तासाला हीच गोष्ट. खारघरला एका क्लिनिकमध्ये मला परवा त्याची जुनी विद्यार्थिनी भेटली. तिनं रक्तदाब मोजला, आकडा बघितला, आणि म्हणाली, सर, पाच मिनिटं स्वस्थ बसा, मग पुन्हा घेते. तुम्ही जिना चढून आलात. मला हसू आलं आणि तिला का ते कळलं.

निवृत्तीनंतर कुठला प्रबंध नाही, कुणाला द्यायचं नाही, तरी त्याचं मोजणं चालूच राहिलं. फरक अजून टिकून आहे का, एवढंच त्याला दरवर्षी बघायचं असे. मी एकदा विचारलं, तुला कंटाळा कसा येत नाही? तो म्हणाला, “एवढीच एक गोष्ट मला नक्की ठाऊक आहे, मास्तर. ती वर्षातून एकदा बघायला काय हरकत आहे?” देवीराम सहा वर्षांपूर्वी गेला. मग त्याची मुलगी सुनीता शंकू पाठवायला लागली, आणि हिराजीला प्रवास झेपेना तेव्हापासून अलीकडच्या खोऱ्यातलेही तीच पाठवते. आता तिकडचा रस्ता बारमाही झालाय, त्यामुळे पोतं जूनची वाट बघत नाही, दिवाळी उलटली की येतं.

यंदा ते हिराजीच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी आलं. शकूवहिनींचा फोन आला, “भावजी, तुमी येता का? पोतं आलंय.” मी गेलो. वहिनींनी सुनीताला फोन करून कळवलं होतं. ती खूप रडली, म्हणाली, मला ठाऊक असतं तर पाठवलं नसतं, आणि मग तिनं विचारलं, पुढच्या वर्षीपासून झाडांवर चढायचं, की थांबवायचं? वहिनींनी तिला म्हटलं होतं, विचारून सांगते. आता त्या मला विचारत होत्या. मी म्हणालो, आधी सुकवू.

पंधरा दिवस कपाटातले बल्ब चालू राहिले. मी रोज करंजाड्याला जाऊन तोलत होतो. वजन उतरायचं थांबलं त्या दिवशी आम्ही दोघं चटईवर बसलो, आणि मी हिराजीची वही उघडली. इतकी वर्षं आकडे मीच टिपले, पण निवृत्तीनंतरच्या त्याच्या स्वतःच्या वह्या मी कधी उघडल्या नव्हत्या. प्रत्येक पानावर तारीख, झाडाचा नंबर, लांबी, रुंदी, आणि शेवटी त्यानं हातानं आखलेला एक रकाना होता, ‘शंका’. पानामागून पान भरलेला. ‘भिंग पुसलं नव्हतं.’ ‘बल्ब एक तास बंद होता.’ ‘मला फरक दिसावा असं आज फार वाटत होतं.’ वहिनी म्हणाल्या, हे मला ठाऊकच नव्हतं हो...

मी पहिल्या बीचा पंख भिंगाखाली धरला, रुंदी मोजली, आकडा लिहिला. शेवटच्या रकान्यापाशी क्षणभर थांबलो आणि लिहिलं, ‘मोजणाऱ्याचा हात थरथरत होता.’ वहिनींनी ते वाचलं, चष्मा लावला आणि माझ्या हातातून चिमटा घेतला. त्यांनी मोजलं, मग मी पुन्हा मोजलं. तिन्ही वेळा आकडा एकच आला. शंका आम्ही खोडली नाही, तशीच ठेवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही खोऱ्यांचं मोजून झालं. फरक होता. वहिनींनी हात धुतले, फोन घेतला आणि सुनीताला सांगितलं, बेटी, अगले साल भी भेजना.